किरकिर नाही, हे तर…

ताई, आधी भांडणाचं बघू. रडायचं ते मागाहून. तसंही तुमच्यासमोर कुणी रडायला लागलं की ‘पाणी पी आणि नीट सांग’ म्हणून तुम्ही मोकळ्या व्हायचात. तेव्हा मी पाणी पिऊन बसले आहे आणि नीट सांगते आहे.

तुम्हाला जाऊन सव्वा महिना झाला. त्याच्या वीस दिवस आधीचा तो रविवार. शफीकभाईंच्या गॅरेजचं पटांगण, तुमची पांढरी गाडी न्यूट्रलमध्ये चालू, हँडब्रेक ओढलेला, मी स्टिअरिंगशी आणि तुम्ही शेजारी. मी क्लच दाबला आणि म्हटलं, “हे बघा, किरकिर सुरू झाली.” तुम्ही गिअरच्या दांड्यावर तळवा ठेवलात, मान उजवीकडे कलती केलीत, डोळे मिटलेत. बराच वेळ. मग म्हणालात, “किरकिर नाही. हे तर…”

आणि मी तुम्हाला पुढे बोलू दिलं नाही. खिडकीतून डोकं बाहेर काढून मी हिंदीत ओरडले, “शफीकभाई, दीदी को अब सुनाई नहीं देता. आप ही आके देखिए.” हिंदीत का, तर सगळ्यांना कळावं म्हणून. शफीकभाईंनी ऐकलं, त्यांच्या दोन कारागिरांनी ऐकलं, आणि स्कूटरचा ब्रेक दाखवायला आलेल्या आपल्या गल्लीतल्या तिवारीजींनी ऐकलं. ज्या बाईनं तीस-बत्तीस वर्षं कारखान्यात कानावर भाकरी मिळवली, तिच्याबद्दल मी चारचौघांत हे बोलले.

ते वाक्य मला परत घ्यायचं होतं. पण ताई, मी अशी बाई आहे की जी खरी गोष्ट आहे ती मी परत घेत नाही, तुमच्यासाठीसुद्धा नाही. त्यामुळे आधी मला कळायला हवं होतं की मी बोलले ते खरं होतं का, आणि ‘हे तर’च्या पुढे तुम्ही काय म्हणणार होतात. ते काल कळलं. सांगतेच, पण क्रमानं सांगते. क्रम मोडलेला तुम्हाला खपायचा नाही.

मी लग्न होऊन पुण्याहून इंद्रपुरीतल्या या घरात आले तेव्हा पहिल्याच दिवशी तुम्हाला ‘वन्सं’ अशी हाक मारली होती. तुम्ही इतक्या हसलात की हातातला चहा बशीत सांडला. “इथे कोणाला समजून राहिलं वन्सं? ताई म्हण, शुभा.” तुमचे वडील नागपूरहून सरकारी दफ्तरांबरोबर भोपाळला आलेले, तुमचा जन्म इथला. त्यामुळे तुमच्या मराठीत निम्मं नागपूर आणि निम्मं भोपाळ. तुम्ही ‘पंखा चालव’ म्हणायचात आणि मी ‘लाव’ म्हणून दुरुस्त करायचे. तुम्ही ‘भाजी बनवून राहिली का’ विचारायचात आणि मी ‘करते आहे’ म्हणायचे. तुमचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे हे, दोघींच्या मध्ये बसून जेवायचे आणि कुणाचीच बाजू घ्यायचे नाहीत. ती सवय त्यांची अजून आहे.

तुम्ही खालच्या मजल्यावर एकट्या आणि आम्ही वर. लग्न तुम्ही केलं नाहीत आणि त्याचं कारण कुणाला सांगितलं नाहीत. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तुम्ही मला गाडीच्या पाण्याची बाटली भरून आणायला पाठवलंत. तिसऱ्यांदा मी विचारलं नाही.

कारखान्यात तुम्ही मोटर तपासायच्या विभागात होतात. तयार झालेली मोटर बाहेर जाण्याआधी तुमच्या कानाखालून जायची. लाकडी मुठीचा लांब स्क्रू ड्रायव्हर, टोक बेअरिंगच्या घरावर आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवलेली. मी टेलिफोन एक्सचेंजमधली. लाइनीवर नुसतं खाकरणं ऐकून सांगायचे कोणत्या साहेबांचा फोन आहे. म्हणजे घरात दोन बायका, दोघींची नोकरी कानावर, आणि दोघींनाही आपलेच कान खरे वाटायचे. भांडण व्हायचं नाही तर काय!

तुमचा एक नियम होता: बॉनेट उघडायच्या आधी तोंड उघड. गाडीतून आवाज येतो एवढं म्हणणाऱ्याला तुम्ही फाटकातूनच परत फिरवायचात. कसला आवाज, त्याचं नाव सांग. टकटक म्हणजे वर इंजिनच्या डोक्यात काहीतरी सैल झालंय, नाहीतर तेल कमी आहे. कुईकुई म्हणजे पट्टा. फसफस म्हणजे कुठेतरी नळी फाटून हवा आत जाते आहे. खुळखुळ म्हणजे काहीतरी पत्र्याचं सुटलंय, आणि जरा ॲक्सिलरेटर दिल्यावर ते गप्प झालं तर घाबरायचं कारण नाही. घरघर हा शब्द तुम्ही फार जपून वापरायचात. न्यूट्रलमध्ये घरघर आहे, क्लच दाबला की थांबते, सोडला की पुन्हा येते, तर गिअरबॉक्समधलं बेअरिंग गेलं. उलट, एरवी शांत आणि क्लच दाबल्यावर आवाज, तर क्लचचं रिलीज बेअरिंग. “पेडल दाब, सोड, दाब, सोड. गाडी स्वतःच सांगते. आपण फक्त मधात बोलायचं नाही,” असं म्हणायचात.

मधे बोलायचं नाही हेच मला कधी जमलं नाही.

पहिल्या धड्याच्या दिवशी तुम्ही माझा पदर कमरेला इतका घट्ट खोचलात की मला श्वास घेता येईना. इंजिनच्या पंख्यात पदर गेला तर पदर नाही, बाई जाते, असं म्हणालात. मग चालत्या इंजिनवर वाकवून माझ्या कानामागे ती लाकडी मूठ टेकवलीत. मला फक्त गडगडाट ऐकू आला. तुम्ही म्हणालात, “गर्दी ऐकू नको. एकाला ऐक.” हळूहळू त्या गडगडाटातून एक बारीक टिकटिक वेगळी झाली, आणि मी ओरडले, “ताई, ऐकू आलं!” एक्सचेंजमध्ये एवढी वर्षं मी तेच करत होते, शंभर लाइनींमधून एक आवाज वेगळा काढत होते. पण ती कला आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हीही सांगितलं नाहीत, फक्त दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली बोलावलंत. त्याबद्दल मी तुमची जन्माची ऋणी आहे, आणि हे तुम्ही असताना म्हणायला हवं होतं.

गाडी चालवायलाही तुम्हीच शिकवलीत, चार इमलीत, त्या साहेब लोकांच्या वस्तीतल्या चढ-उतारांवर. चढावर गाडी मागे जाऊ नये म्हणून मी क्लचवर पाय ठेवून राहायचे. चढ संपला तरी पाय तिथेच. “पाय काढ,” तुम्ही म्हणायचात. पुढच्या सिग्नलला, “पाय काढ.” पंचवीस वर्षं तेच. एकदा तर मी स्वयंपाकघरात उभी असताना तुम्ही मागून ‘पाय काढ’ म्हणालात आणि मी खरोखर डावा पाय उचलला. त्यावर आपण दोघी ओट्याला धरून हसलो होतो.

चार इमलीतल्या त्या साहेबांच्या बायको आठवतात? महाराष्ट्र मंडळात गणपतीत भेटल्या आणि दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन दारात. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की इंजिन उतरवावं लागेल. तुम्ही फाटकाशीच विचारलंत, “कसा आवाज येतो?” त्या म्हणाल्या, “अहो, येतो आवाज. आता कसा ते काय सांगू?” तुम्ही म्हणालात, “तोंडानं काढून दाखवा.” रेशमी साडी, गळ्यात मोत्यांचा सर, आणि त्या बाई इंद्रपुरीच्या भर रस्त्यात उभ्या राहून ‘खुळखुळखुळखुळ’ करत होत्या. समोरच्या घरातली माणसं गॅलरीत आली. तुम्ही गंभीर. सायलेन्सरवरचा पत्रा एका बाजूनं सुटला होता. थंड झाल्यावर तारेनं आवळून दिलात आणि बोल्ट बसवून घ्यायला सांगितलंत. बाई गेल्यावर तुम्ही आत आलात आणि म्हणालात, “आवाज चांगला काढला तिनं. गाणं शिकली असेल.” माझ्या कोणत्याही कामाला तुम्ही एवढी दाद दिली नाहीत, हे मी तेव्हाच मनात टिपून ठेवलं.

कारण मला तुमच्या तोंडून एकच शब्द ऐकायचा होता. ‘बरोबर.’ बस. एकदा मी ह्यांना आणायला हबीबगंज स्टेशनवर गेले होते (नाव बदललं तरी आपल्या घरात ते हबीबगंजच), आणि ट्रेन उशिरा म्हणून गाडीचं इंजिन चालू ठेवून बसले होते. टकटक सुरू झाली. मी लगेच इंजिन बंद केलं, तेल बघितलं, मापाच्या काडीच्या टोकालाही लागेना. तुम्हाला फोन केला, आवाज, कारण, उपाय, सगळं एका दमात सांगितलं. पलीकडून आलं, “हं.” मी म्हटलं, “बरोबर आहे ना?” तुम्ही म्हणालात, “तेल टाक ना मग, फोनवर काय करून राहिली?” घरी येईपर्यंत मी तुमच्यावर चिडलेली होते. तुम्ही माझ्यासाठी जेवायच्या थांबला होतात, ते मला दिसलं आणि तरी मी चिडलेलीच राहिले.

तर हे सगळं पोटात घेऊन मी त्या रविवारी गाडीत बसले होते. आठवडाभर मला आवाज येत होता. सकाळी क्लच दाबला की बारीक, चिवट, हट्टी पोरासारखी किरकिर. सोडला की शांत. माझ्या मनात निकाल लागून गेला होता: रिलीज बेअरिंग. आणि ताई, ते बेअरिंग कशानं जातं हे मला पंचवीस वर्षं ऐकून पाठ होतं. क्लचवर ठेवलेल्या पायानं. म्हणजे मी माझ्याच चुकीचं निदान घेऊन तुमच्याकडे आले होते, तुम्ही आनंदानं ‘बघ, सांगत होते ना’ म्हणाल अशी तयारी ठेवून. आणि तुम्ही म्हणालात, किरकिर नाहीच.

मला राग कशाचा आला, सांगू? मी माझी चूक कबूल करत होते आणि तुम्ही तेही मला करू देत नव्हतात.

आणि मी उगाच बोलले असंही नाही. त्या वर्षात कुकरच्या शिट्ट्या तुम्ही दोनदा चुकलात. टीव्ही इतका मोठा की वर आम्हाला बातम्या लावायची गरज नसे. डाव्या बाजूनं हाक मारली तर तुम्ही वळत नव्हतात. मी हे सगळं पाहत होते आणि काळजी करत होते. काळजी घरात, शांतपणे, मराठीत बोलून दाखवता आली असती. मी ती गॅरेजमध्ये दगडासारखी फेकली.

तुम्ही दांड्यावरचा हात काढलात, दार उघडून उतरलात, बाकावर जाऊन बसलात आणि शफीकभाईंनी मागवलेला चहा प्यायलात. शफीकभाईंच्या हातात तेव्हा दुसऱ्याचं इंजिन होतं, ते म्हणाले, “भाभी, इसको बाद में खोलेंगे.” येताना गाडीत मी डावा पाय मुद्दाम क्लचवर ठेवला. तुम्ही रस्त्याकडे बघत राहिलात.

पुढचे वीस दिवस आपण बोलत होतो. तसं कुणाला काही जाणवलं नसतं. खिचडीत मीठ जास्त झालं, हे तुम्ही सांगितलंत. ‘बिजली गेली’ म्हणालात, त्याची मी ‘वीज’ अशी दुरुस्ती केली. पण तुम्ही गाडीत बसला नाहीत. बँकेत ऑटोनं, भाजीला ऑटोनं. मीही म्हटलं नाही की चला, सोडते. रोज ठरवायचे, आज खाली जाऊन बोलू. रोज वाटायचं, आधी गाडी उघडू दे, खरं काय ते कळू दे, मग बोलू. मी जिंकले तर मोठ्या मनानं बोलेन, हरले तर माफी मागेन, असा माझा हिशेब. मग त्या शनिवारी सकाळी तुम्ही दूध आत घ्यायला आला नाहीत. हे खाली गेले. डॉक्टर म्हणाले, झोपेतच, त्रास झाला नसेल.

तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. शफीकभाई घाटावर आले होते, एका बाजूला शेवटपर्यंत उभे होते. नंतर आम्ही दोघं तुमचं कपाट आवरायला बसलो. पेन्शनच्या कागदांच्या फायलीत, सगळ्यात वर, ह्यांना एक कागद सापडला. कानाच्या तपासणीचा. “ताईनं कान कधी तपासले?” हे मला विचारत होते. मी कागद हातात घेतला. रविवारनंतरचा मंगळवार होता तो. उजवा कान वयाच्या मानानं चांगला, डावा उतरलेला. यंत्राची सध्या गरज नाही.

मी तुमच्या पलंगावर बसले आणि रडले, ताई. तिथे पाणी द्यायला कुणी नव्हतं, हे तो कागद घेऊन खिडकीशी गेले होते. माझ्या एका वाक्यामुळे तुम्ही एकट्या ऑटोनं कानाच्या डॉक्टरकडे गेलात, त्या काचेच्या खोलीत बसलात, आवाज आला की बटण दाबलंत. कुणाला बरोबर नेलं नाहीत. आणि कान चांगला निघाल्यावरही घरी येऊन तो कागद माझ्या तोंडावर मारला नाहीत. मी मारला असता.

पण माझं डोकं कसं चालतं ते तुम्हाला माहीत आहे. रडून झाल्यावर पहिला विचार हा आला: उजवा कान चांगला, आणि मी तुमच्या उजव्या हाताला बसले होते. म्हणजे तुम्हाला तो आवाज ऐकू आलाच असणार. मग ‘किरकिर नाही’ असं का म्हणालात? तुम्ही खोटं बोलणाऱ्यातल्या नाहीत. माझं मन राखायला बोललात म्हणावं, तर माझं मन राखायचा तुमचा स्वभाव नाही. चार दिवस मी हेच उगाळत होते. काल गाडी काढली आणि गॅरेजमध्ये गेले.

शफीकभाई हात पुसत बाहेर आले. “आवाज़ वोई है ना, भाभी?”

“वही. क्लच दबाने पे किरकिर.”

शफीकभाई अंगठा बोटांवर चोळून दाखवत म्हणाले, “किरकिर? मने रेत जैसी? दाँत में आती है, वैसी?”

“नहीं, नहीं. बारीक. पतली. बच्चा रोता है ना, वैसी.”

“अरे, तो वो तो सूंऽऽ हुई भाभी! किरकिर तो भोत अलग चीज़ है. किरकिर होती तो हाथ को लगती, गियर के डंडे पे.” मग सहज म्हणाले, “बड़ी दीदी भी तो येई के रई थीं.”

“कब?”

“उसके दो दिन बाद. मंगल को. ऑटो से आई थीं, अकेली. हाथ में कोई लिफ़ाफ़ा था. बोलीं, शफीक, रिलीज बेरिंग मँगा के रख ले, क्लच दबाओ तो सूंऽऽ करती है. मैंने पूछा, दीदी, पक्का? तो बोलीं, शुभा ने पकड़ी है. उसके कान पक्के हैं, बस नाम गलत लेती है.”

ताई, मी तिथे बाकावर बसले.

मेथीची भाजी. मी लग्नानंतर पहिल्यांदा मेथी केली आणि तुम्ही घास तोंडात फिरवत म्हणालात, “भाजीत किरकिर आहे.” मला वाटलं, तुम्ही माझ्या स्वयंपाकाबद्दल कुरकुर करता आहात. मग कळलं की तुम्हाला माती म्हणायची आहे. “ताई, त्याला कचकच म्हणतात,” मी म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, “तुझ्या पुण्यात म्हणत असतील.” त्यानंतर मी मेथी तीन पाण्यातून काढायला लागले आणि तो शब्द पुन्हा आपल्यामध्ये आला नाही. गाडीला तशी किरकिर कधी झालीच नाही. बत्तीस वर्षं मी तुमचं मराठी दुरुस्त करत होते, आणि ज्या एका शब्दाची खरी गरज पडली तिथे, माझी किरकिर वेगळी आणि तुमची वेगळी, हे मला सुचलं नाही. तुम्ही दांड्यावर तळवा ठेवून वाळू शोधत होतात. वाळू नव्हतीच. म्हणून म्हणालात, किरकिर नाही, हे तर… आणि पुढे ‘सूं’ येणार होतं. एक अक्षर, ताई. तेवढं मी थांबले नाही.

आणि त्या मंगळवारी तुम्ही आधी डॉक्टरकडे गेलात आणि मग गॅरेजमध्ये, लिफाफा हातात घेऊनच. हे मला सगळ्यात जास्त लागलं. माझ्या बोलण्याला तुम्ही अपमान म्हणून बाजूला टाकलं नाहीत. कारखान्यात मोटरला नापास करण्याआधी तुम्ही आपला स्क्रू ड्रायव्हर तपासायचात, तसे आपले कान तपासून घेतलेत. आणि ते ठीक निघाल्यावर माझ्या बाजूनं निकाल दिलात. मला ऐकायचा होता तो शब्द तुम्ही उच्चारलात, फक्त शफीकभाईंजवळ. मला का नाही सांगितलंत? गाडी दुरुस्त झाल्यावर सांगणार होतात? की मी आधी खाली येऊन बोलावं म्हणून थांबला होतात? मला वाटतं, दुसरं. मी तुमच्या जागी असते तर मीही थांबले असते. यावर मी तुमच्याशी अजून भांडू शकते, कारण वीस दिवस फार असतात आणि जिन्याला फक्त चौदा पायऱ्या आहेत. पण चढायच्या तुम्हाला होत्या आणि उतरायच्या मला, आणि गुडघे तुमचे दुखत होते.

शफीकभाईंनी फळीवरून डबा काढला. त्यावर मार्करनं ‘बड़ी दीदी’ लिहिलेलं. दीड महिना तिथेच होता. दुपारपर्यंत त्यांनी गिअरबॉक्स उतरवून जुनं बेअरिंग माझ्या हातात दिलं. मी बोटानं फिरवलं, आणि तोच आवाज आला. खरं सांगते, किरकिर म्हणण्यासारखा तो नाही. तुम्ही म्हणालात तोच बरोबर आहे.

मग मी उठले. खिडकीतून ओरडले होते तेवढ्याच मोठ्यानं आणि हिंदीतच म्हटलं, “शफीकभाई, उस दिन मैंने जो कहा था, वो गलत था. दीदी को बराबर सुनाई देता था. मैंने बात पूरी नहीं सुनी.” दोन्ही कारागिरांनी हातातलं काम थांबवलं. शफीकभाई खाली बघत म्हणाले, “हओ भाभी. हमको मालूम है.”

चौघांनी ऐकलं होतं, तिघांना सांगून झालं. राहिले तिवारीजी. नवं बेअरिंग बसल्यावर गाडी घेऊन मी सरळ त्यांच्या फाटकाशी गेले. ते झाडांना पाणी घालत होते. मी सगळं सांगितलं, रविवारपासून कालपर्यंत, एकही गोष्ट न लपवता. त्यांनी नळ बंद केला आणि शेवटपर्यंत ऐकलं. मधे एक शब्द बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, “भाभीजी, ये बात तो दीदी से कहनी थी.”

म्हणून लिहिते आहे. ताई, तुम्हाला नीट ऐकू येत होतं. माझं चुकलं.